बाईसाहेबांची तहान

बाबा गेले तेव्हा त्यांच्या मागे भांडावं अशी एकच वस्तू होती, आणि ती दादाला नको होती.

"ते धूड तू घे," दादा फोनवर धाकट्या बहिणीला म्हणाला. "माझ्या घरात माणसांनाच पाय पसरायला जागा नाही, ते कुठं ठेवू?"

धूड म्हणजे बाबांची मोटार. काळी, उंच, बेडकासारखे दोन डोळे बाहेर काढलेली. बाबा छापखान्यात वर्तमानपत्राच्या मशीनवर होते. छापखान्याच्या मागच्या आवारात ही गाडी पडून होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. मालकांनी ती न्यायला सांगितली, तेव्हा बाबांना कोण आनंद झाला होता! सुट्ट्यांमागून सुट्ट्या तिच्याखाली लोळून त्यांनी तिला चालती केली. आईने तिचं नाव ठेवलं 'बाईसाहेब'. "बाईसाहेबांची आंघोळ झाली का?" "बाईसाहेबांचं पोट भरलं का? मग आम्ही जेवू का?" आणखी एक शब्द आईच्या जिभेवर असायचा, पण मुलांसमोर तिने तो कधी उच्चारला नाही.

धाकटी आता पन्नाशीला टेकली होती. चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे नंबर तपासायची. दिवसभर "आता बरं दिसतं, की आता?" असं विचारून विचारून प्रश्न विचारायची सवय तिच्या अंगात मुरली होती. आई तिच्याकडेच राहायची. गाडी घराच्या बाजूच्या शेडमध्ये आणून उभी केली, तेव्हा आईने खिडकीतून एकदा बघितलं आणि पडदा ओढून घेतला.

गाडी दुरुस्त करायला जो मेकॅनिक आला त्याला सगळे 'किटली' म्हणत. जरा तापला की त्याचं झाकण उडायचं म्हणून. पण जुन्या इंजिनांवर त्याचा जीव होता. त्याने बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि बराच वेळ ते बाहेरच काढलं नाही.

"ताई, हिला पाण्याचा पंपच नाही," तो आतून म्हणाला.

"चोरीला गेला?"

"नाही हो. मुळातच नाही. इंजिनाभोवतीचं पाणी तापतं, तापलं की हलकं होऊन वर चढतं, या वरच्या पाइपाने रेडिएटरमध्ये येतं. तिथं वारा लागला की गार होतं, जड होऊन खाली बसतं आणि खालच्या पाइपाने परत इंजिनाकडे. असं गोल गोल."

"आणि ढकलतं कोण?"

"कोणी नाही. तापायचं आणि निवायचं, त्यावरच सगळं चाललंय."

धाकटीला हे फार आवडलं. ती पाइपांवरून बोट फिरवत राहिली. रेडिएटरच्या टोपणावर काचेची एक गोल डबी उभी होती, तिच्यात लाल रेघेचा तापमापक. ड्रायव्हरने समोर बघितलं की रस्ता आणि रेघ दोन्ही एकदम दिसावं अशी सोय. ही रेघ तिला चांगलीच आठवत होती. तिच्याकडे बघत बघतच तिचं सगळं लहानपण मागच्या सीटवर गेलं होतं.

सुट्टीच्या दिवशी बाबा सगळ्यांना तळ्याकाठी घेऊन जात. तिथे बाबांच्या मावशीचं घर होतं. सकाळी निघायचं, दुपार कलल्यावर परत फिरायचं. तळं सोडलं की दोन टेकड्यांच्या मधून एक लांबलचक सरळ चढ लागायचा, आणि चढ संपता संपता एक वळण. त्या वळणावर एकुलतं एक घर. आणि दर वेळी, अगदी दर वेळी, बाबा तिथे गाडी बाजूला घेऊन म्हणायचे, "उकळली!" मग पाण्याचा डबा घेऊन ते त्या घरात जायचे आणि बऱ्याच वेळाने परत यायचे. दादा आणि धाकटी खाली उतरून खेळायची. आई गाडीतच बसून विणत राहायची. घराच्या खिडकीत कधी कधी एका बाईचा हात दिसायचा, काहीतरी वाळत ठेवणारा, बस, तेवढाच.

"बाईसाहेबांना तहान लागते ती बरोबर याच दारात," आई म्हणायची. बाबा हसून सोडून द्यायचे. एकदा ते म्हणाले होते, "तूही चल की आत." त्यावर आई म्हणाली, "मला नाही तहान लागलेली."

किटलीने रेडिएटर उतरवून धुतला. आतून चिखलासारखा गंज निघाला. पाइप बदलले, पंख्याचा पट्टा बदलला. पंखा म्हणजे चार पात्यांचा एक बापडा जीव, हाताने वारा घातल्यासारखा फिरायचा. मग एका सकाळी दुकान उघडायच्या आधी धाकटी एकटीच गाडी घेऊन तळ्यापर्यंत गेली आणि परत आली. चढ आला, वळण आलं, घरही दिसलं. लाल रेघ मध्यावर होती, ती जागची हलली नाही. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा गेली. पुन्हा तेच. धाकटी लहान मुलीसारखी खूश होऊन घरी आली.

"आई, दोनदा जाऊन आले! त्या वळणावरून आले, आणि गाडी उकळलीच नाही!"

आई वाटाणे सोलत होती. तिचे हात थांबले.

"उकळली नाही," ती म्हणाली.

"अजिबात नाही."

"म्हणजे तेव्हाही उकळत नव्हतीच तर." एवढं बोलून आईने पुढची शेंग उचलली.

आपण काय सांगून बसलो, हे धाकटीला तेव्हा कळलं. आई उरलेले सगळे वाटाणे सोलत राहिली, शेवटची शेंग संपली तरी टोपलीत बोटं फिरवत राहिली.

संध्याकाळी तिने दादाला फोन केला.

"कशाला उकरून काढतेस?" दादा म्हणाला. "बाबा गेले, मावशी गेली, ती बाईही गेली असेल. झाकली मूठ तशीच राहू दे ना."

"मी मूठ उघडली नाही रे. मी फक्त गाडी चालवली."

"मग आता ती शेडमध्ये ठेव आणि गप्प बस."

पण धाकटीला गप्प बसता येईना. बाबांवर संशय घ्यायचा म्हणून नव्हे. तिला खरोखरच कळेना, की ज्या गाडीचं पाणी दर वेळी एकाच जागी उकळायचं, ते आता का उकळत नाही? कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि ते कुठे, हे तिला बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ती किटलीच्या गॅरेजमध्ये गेली. किटलीचं झाकण ताबडतोब उडालं.

"मग माझं काम चांगलं झालं ही तक्रार आहे का तुमची? तेव्हा रेडिएटरमध्ये गंज होता, आता मी साफ केला. संपलं!"

"गंज होता तर गाडी कुठेही उकळली असती. त्याच वळणावर का?"

"चढ आहे ना तिथं."

"जाताना पलीकडून याहून मोठा चढ आहे. तिथे कधीच उकळली नाही."

किटलीने बाकड्यावर बसून चहा मागवला.

"तुम्ही वाफ बघितली होती का, ताई? डोळ्यांनी?"

धाकटीने आठवून बघितलं. लाल रेघ वर गेलेली तिला स्पष्ट दिसत होती. बाबांचा "उकळली!" हा आवाज ऐकू येत होता. पण वाफ? लहानपणीच्या त्या चित्रात वाफ होती की तिने ती नंतर स्वतःच काढली होती, हे तिला छातीवर हात ठेवून सांगता येईना.

"मग तो तापमापकच खोटारडा असेल," किटली म्हणाला. "रेघ उगाच वर जायची, आणि तुमचे बाबा साधे होते, त्यांना वाटायचं उकळली."

धाकटीला हा विचार आवडला. यात बाबाही खोटे पडत नव्हते आणि आईही. दोघं तडक घरी आली. टोपणासकट तापमापक काढला आणि स्वयंपाकघरात आली तर आई समोर उभी.

"माझ्या पातेल्यात?" आई म्हणाली.

"फक्त पाणी उकळायचंय, काकू," किटली अजीजीने म्हणाला.

"ते गाडीचं तोंड आहे. माझ्या दुधाच्या पातेल्यात जाणार नाही. ते खालचं जुनं घ्या."

जुनं पातेलं गॅसवर चढलं. किटलीने टोपण दोरीने बांधून पाण्यात सोडलं आणि शेजारी दुसरा, खात्रीचा तापमापक धरला. तिघंही वाकून बघत राहिली. पाणी गुणगुणायला लागलं, तळाशी बुडबुडे धरले. लाल रेघ सावकाश चढली. पाण्याला खळखळून उकळी फुटली तेव्हा ती बरोबर वरच्या खुणेवर जाऊन उभी राहिली. गॅस बारीक केला तशी ती उतरली, मोठा केला तशी चढली. दुसरा तापमापक तिच्याशी पावलाला पाऊल लावून चालत होता.

"सज्जन आहे बिचारा," किटली हिरमुसून म्हणाला.

"म्हणजे खोटं हा बोलत नव्हता," आई म्हणाली, आणि 'हा' वर तिने जो जोर दिला, त्यावर किटलीने लगबगीने दुसरा तापमापक पुसायला घेतला.

मग आईच म्हणाली, "तू गेलीस ती कधी?"

"कधी म्हणजे? सकाळी. दुकान उघडायच्या आधी परत यायला हवं ना."

"आम्ही सकाळी परत येत होतो का?"

धाकटीने गॅस बंद केला.

"दुपार कलली की निघायचो," आई म्हणाली. "तुझ्या बाबांच्या मावशीचा दुपारचा चहा झाल्याशिवाय ती सोडायचीच नाही. तू चुकीच्या वेळेला जाऊन आलीस आणि माझ्यासमोर निकाल लावून मोकळी झालीस."

"पण वेळेने काय फरक पडतो? उलट तेव्हा ऊन कललेलं असतं."

"मला काय माहीत? मी काही मेकॅनिक नाही." आईने किटलीकडे बघितलं. किटलीने खांदे उडवले. "पण बघायचंच असेल तर नीट बघावं. पुढच्या सुट्टीला मला घेऊन चल."

"तू? गाडीत?"

"मग काय मागून चालत येऊ?"

बाबांच्या आजारपणापासून, म्हणजे कितीतरी वर्षांत, आई त्या गाडीत बसली नव्हती. सुट्टीच्या दिवशी ती ठेवणीतला कोट घालून, केसांना रुमाल बांधून तयार झाली. मागच्या सीटवर बसायची तिची जुनी सवय, पण दार उघडून ती पुढेच बसली. "इथून रेघ दिसते," ती म्हणाली. किटलीलाही यायचं होतं, पण त्याच्या घरी पाहुणे होते. "काय होतं ते लगेच फोन करून सांगा," त्याने दोनदा बजावलं. "आणि ताई, उकळली तर टोपण लगेच उघडू नका, तोंड भाजेल. गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून उभी करा. आणि गार पाणी तर मुळीच ओतू नका. तापलेल्या इंजिनात गार पाणी गेलं की लोखंड तडकतं. कामातून जातं इंजिन!"

तळ्याकाठी मावशीचं घर उरलं नव्हतं. तिथे नावा भाड्याने देणाऱ्याची टपरी होती. दोघींनी काठावर बसून डबा खाल्ला. सकाळभर तळं आरशासारखं होतं. दुपार सरायला लागली तशी त्याच्यावर सुरकुती धरली, मग लाटा आल्या, आणि आईच्या रुमालाची टोकं तळ्याकडून घरच्या दिशेने फडफडायला लागली.

"निघू या," आई म्हणाली. "याच वेळेला निघायचो."

सरळ चढ लागला. गाडी आपल्या चालीने, ना जोरात ना हळू, वर जात होती. रेघ मध्यावर होती. दोन्ही बाजूंना टेकड्या, मधून तो पट्टीने आखल्यासारखा रस्ता. झाडं वाकत होती. गवत तळ्याकडून वरच्या बाजूला लोळत होतं. आणि धाकटीला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय, ते कळेना. मग पेट्रोलच्या धुराचा वास आला. धूर मागे राहायला हवा, तो गाडीतच येत होता. चाकांनी उडवलेली धूळही मागे पडत नव्हती. ती खिडकीशेजारून, ओळखीच्या माणसासारखी, बरोबर चालली होती.

"आई," धाकटी म्हणाली, "तुझा रुमाल."

आईच्या रुमालाची टोकं तिच्या खांद्यावर गुपचूप पडली होती. तळ्याकाठी जी फडफडत होती, ती चालत्या गाडीत, उघड्या खिडकीशी, मेल्यासारखी स्तब्ध होती.

धाकटीने हात बाहेर काढला. झाडं हलत होती, गाडी पळत होती, आणि तिच्या तळहाताला वाऱ्याची झुळूकही लागत नव्हती. बंद खोलीत हात धरावा तसं वाटलं. तिने बोटं पसरली, तळवा उलटा केला. काही नाही.

"वारा आपल्याबरोबरच चाललाय," ती हळूच म्हणाली. "आपल्याच वेगाने. म्हणून लागत नाही. आई, रेडिएटरला वाराच नाही!"

"रेघ बघ," आई म्हणाली.

रेघ चढत होती. आधी सावकाश, मग भराभर, स्वयंपाकघरातल्या पातेल्यात चढली होती तशी. चढ संपत आला, समोर वळण दिसलं, वळणावरचं घर दिसलं, आणि टोपणाखालून पहिल्यांदा एक बारीक शीळ ऐकू आली. मग वाफेचा पांढरा झोत उठला आणि समोरची काच आंधळी झाली.

"उकळली!" धाकटी ओरडली. तिने गाडी बाजूला घेतली, खाली उडी मारली आणि वाफेसमोर टाळ्या पिटायला लागली. "आई, उकळली! खरंच उकळली! बाबा खरं बोलत होते!"

रस्त्याने सायकलवरून एक माणूस चालला होता, तो या बाईकडे बघत बघत जवळजवळ खड्ड्यात गेला.

आई गाडीतून उतरली नव्हती. ती वाफेकडे बघत होती आणि तिचा चेहरा हसरा होता की रडवेला, ते पुसट काचेतून नीट दिसत नव्हतं. धाकटीने किटलीचं ऐकून गाडी वळवून नाक वाऱ्याकडे केलं. जो वारा इतका वेळ पाठीशी लपला होता, तो आता समोरून जाळीत शिरायला लागला. तिने किटलीला फोन लावला. वाऱ्याची हकीकत ऐकून तो इतक्या जोरात "अरे देवा!" म्हणाला की आईलाही ऐकू गेलं.

"बघितलंस," धाकटी फोन ठेवून म्हणाली. "एकाच ठिकाणी का, तेही कळलं. वारा या घळीतून चढतो आणि दुपारीच सुटतो."

"हं," आई म्हणाली. ती रेघेकडे बघत होती. "उतरायला लागली."

"हो, वारा लागला ना."

"पाणी न घालताच."

धाकटीने वाकून बघितलं. रेघ खरंच उतरत होती. पाणी थोडं गेलं होतं, घालायला हवं होतं, पण नाक फिरवून जरा वेळ थांबलं तरी काम निभलं असतं. बाबांना हे माहीत नव्हतं? इतक्या वर्षांत?

आईने दार उघडलं. पाय खाली टेकले, कोट नीट केला. "डबा कुठाय?"

"कसला डबा?"

"पाण्याचा. मला तहान लागलीय."

ती डबा घेऊन पुढे आणि धाकटी मागे, अशा दोघी त्या घराच्या दारापर्यंत गेल्या. दार उघडंच होतं. आत पुस्तकबांधणीची मोठी खोली, खिडकीपाशी लांब टेबल, त्यावर पुस्तकांच्या चळती, कातडी पाठी, दोऱ्याची रिळं, लाकडी शिकंजे. कोपऱ्यात एक शेगडी मंद जळत होती आणि तिच्यावर पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून काहीतरी तापत होतं. टेबलाशी आईच्याच वयाची, ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा लावलेली एक बाई पुस्तकाच्या पाठीला सरस लावत होती. तिने मान वर केली, आधी डबा बघितला, मग दारातून बाहेर उभी असलेली गाडी.

"अगंबाई," ती म्हणाली. "पाणी तापवायचंय?"

आईने डबा छातीशी धरला.

"तुम्ही त्या गाडीतल्या बाई ना?" बाइंडर बाईंनी ब्रश खाली ठेवला. "विणत बसायच्या त्या? मला वाटायचं, काय हा तोरा, एकदा आत येतील तर शपथ."

"मला वाटायचं..." आई म्हणाली आणि थांबली. "तापवायचं कशाला पाणी?"

"मला काय विचारता? तेच सांगायचे, गार पाणी घातलं तर इंजिन तडकतं. माझी शेगडी सदा पेटलेली, सरसासाठी. सरस असाच ठेवावा लागतो, गरम, पण उकळू द्यायचा नाही, उकळला की चिकटपणा गेला त्याचा. तर शेजारी त्यांचा डबा ठेवायचा."

"आणि डबा तापेपर्यंत?" आईने विचारलं. धाकटीला वाटलं, हा प्रश्न आईने तोंडातून बाहेर काढायला उभा जन्म घेतला असेल.

"झोपायचे," बाइंडर बाई म्हणाल्या.

"काय?"

"झोपायचे हो! त्या खुर्चीत. डबा ठेवला की बसायचे आणि बसले की घोरायचे. पहिल्यांदा तर मी घाबरले, म्हटलं माणूस गेला की काय माझ्या घरात. पाणी तापून जायचं, मीच डबा बाजूला काढून ठेवायची. उठवायला मन व्हायचं नाही."

आई खुर्चीकडे बघत होती. "दिवसा झोपायचे? ते?" बाबा घरात दिवसा पडलेले तिने बघितले नव्हते असं नाही, पण सुट्टीच्या दिवशी नाही. सुट्टीच्या दिवशी पहाटे ते छापखान्यातून यायचे, तोंड धुवायचे आणि म्हणायचे, 'मी अगदी ताजातवाना आहे, चला!'

"मी विचारलं होतं एकदा," बाइंडर बाई म्हणाल्या. "म्हटलं, घरी झोपून मग का निघत नाही? तर म्हणाले, रात्रपाळीवरून येतो, झोपलो तर पोरांची सुट्टी जाते. म्हटलं, मग बायकोला सांगा. तर म्हणाले, तिला कळलं की मी डोळे मिटत गाडी चालवतो, तर ती तळंच बंद करेल."

"बंदच केलं असतं!" आई एकदम म्हणाली. "त्याच दिवशी बंद केलं असतं! पोरं मागे बसलेली, आणि हे..." ती खरोखर संतापली होती. गेलेल्या माणसावर, इतक्या वर्षांनी. मग संताप तसाच अर्धवट ठेवून ती त्या खुर्चीत बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिने रुमाल सोडून डोळे पुसले.

"एक सांगू का," बाइंडर बाई जरा खालच्या आवाजात म्हणाल्या. "दर वेळी गाडी तापलेली असायचीच असं नाही हां. कधी कधी झोप काढून उठायचे, आणि जाताना तापवलेलं पाणी माझ्या अंगणातच ओतून टाकायचे. मी खिडकीतून बघायची. जाईचं एक रोप मेलं माझं त्यापायी."

आता धाकटीलाही हसू आवरेना.

"मी एकदा तरी आत यायला हवं होतं," आई म्हणाली.

"नाही तर त्यांनी सांगायला हवं होतं," धाकटी म्हणाली.

"नाही तर मी बाहेर येऊन विचारायला हवं होतं, की बाई, तुम्ही सतत विणता काय?" बाइंडर बाई म्हणाल्या. "मला फार वाटायचं. कारण दर खेपेला रंग तोच असायचा."

"उसवून पुन्हा विणायची," आई म्हणाली. "लक्ष कुठं असायचं माझं!"

मग कोणी कुणाला बोलू दिलं नाही. आईला त्या शिकंज्यात काय दाबतात ते बघायचं होतं, पुस्तकाची पाठ गोल कशी करतात ते हवं होतं. बाइंडर बाईंनी तिच्या हातात लाकडी हातोडी दिली. डबा शेगडीवर चढला. धाकटी बाहेर येऊन गाडीजवळ उभी राहिली. बॉनेट उघडं होतं, निवणारं लोखंड टिक टिक वाजत होतं. तिने दादाला फोन केला आणि सगळं सांगितलं.

"मग मागे बसून मी जे जोरजोरात गायचो," दादा म्हणाला, "आणि बाबा म्हणायचे, आणखी मोठ्याने म्हण, आणखी मोठ्याने... ते जागं राहायला होय?"

"असेल."

"आणि मला वाटायचं, माझा आवाज चांगला आहे."

कोमट पाणी घालून गाडी सुरू केली तोवर वारा पडला होता. चढाचा शेवटचा तुकडा आणि पुढचा सगळा रस्ता रेघ मध्यावरून हलली नाही. आई वाटेत दोनदा तरी म्हणाली, "डोळे मिटत गाडी चालवायचे!" पहिल्यांदा रागाने म्हणाली. दुसऱ्यांदा कसं म्हणाली, ते धाकटीला ओळखता आलं नाही.

त्यानंतर आईने सुट्टीच्या दिवसाची वाट बघितली नाही. बसने एकटी जाऊन आली, पुस्तकं शिवायला शिकली, बोटांना सरस लावून घरी यायला लागली. पुढच्या महिन्यात धाकटी या दोघी मैत्रिणींना तळ्यावर घेऊन निघाली तेव्हा किटलीही आला. ऐकीव गोष्टीवर त्याचा विश्वास नव्हता, त्याला स्वतःचा हात खिडकीबाहेर काढून बघायचा होता. पण पुढच्या सीटवरून त्याला उठवण्यात आलं, कारण तिथे बाइंडर बाईंना बसायचं होतं. इतकी वर्षं दारात उभी राहिलेली गाडी त्यांनी आतून कधी बघितली नव्हती. त्यांनी चष्मा पुसून नाकावर ठेवला आणि समोरच्या फळीकडे वाकून एका पितळी खटक्यावर बोट ठेवलं.

"हा कशाचा गं?" त्या म्हणाल्या.

धाकटीने किटलीकडे बघितलं. किटलीने मागून मान लांब करून खटक्याकडे बघितलं, कान खाजवला.

"ओढून बघू या," तो म्हणाला.